दोनदा मेलेला लांडगा

टाकेकाकांनी चाळीस वर्षांत निदान पन्नास हजार पुस्तकं शिवली असतील, आणि त्यातलं एकही वाचलेलं नव्हतं. ही गोष्ट ते लपवत नसत, उलट छाती पुढे काढून सांगत. "बाइंडर वाचायला लागला की काम बोंबललं समजा," असं त्यांचं ठाम मत. "नजर मजकुरात अडकली की हात भलतीकडे जातो. मजकुराचं लेखक बघून घेईल, टाक्याचं मी बघतो." आणि टाका खरोखरच असा घालत की पुस्तक फाटेल, वाचणारा म्हातारा होईल, पण शिवण उसवणार नाही. त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना टाकेकाका म्हणत. त्यांची बायको अर्थातच टाकेकाकू, जिनं आयुष्यात कधी सुईत दोरा ओवला नव्हता.

घराची पुढची खोली म्हणजे काकांचा कारखाना. खिडकीखाली शिवणाची चौकट, कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, भिंतीला टेकून पुठ्ठ्यांची थप्पी, आणि सगळ्या खोलीत खळीचा तो आंबूस वास, जो पहिल्यांदा येणाऱ्याला नकोसा होतो आणि रोज येणाऱ्याला कळतही नाही. छापखान्यात मोठ्या कागदाच्या घड्या घालून सोळा पानांचा एक गठ्ठा होतो, त्याला फर्मा म्हणतात. बाकीच्यांना पुस्तक म्हणजे गोष्ट असेल, ज्ञान असेल. काकांना पुस्तक म्हणजे एकावर एक रचलेले फर्मे. ते मोजायचे उजव्या अंगठ्यानं. कडेवरून अंगठा सर्रकन फिरवला की आकडा तोंडावर. एकदा एका वकिलानं जाडजूड कायद्याच्या पुस्तकात दोन पानं कमी आहेत म्हणून आरडाओरडा केला होता. काकांनी सगळ्यांसमोर अंगठा फिरवला, मधेच थांबले आणि चिकटलेली दोन पानं हलक्या हातानं सोडवून दाखवली. मधे वकीलसाहेबांचाच चहा वाळलेला होता. चाळीस वर्षांत टाकेकाकांच्या हातून एक पान गळालं नाही, हे त्या दिवसापासून सर्वमान्य झालं. काकांना तर ते आधीपासूनच मान्य होतं.

काकूंचं उलट. त्यांना वाचायला काहीही चाले. औषधाच्या बाटलीवरचं, बसच्या तिकिटामागचं, सामान बांधून आलेल्या कागदावरचं अर्धवट वाक्यसुद्धा. पण घरात काकांचा नियम होता: कामाचं पुस्तक घरच्या माणसानं उघडायचं नाही. पान हललं, क्रम चुकला, तर जबाबदार कोण? त्यामुळे जे पुस्तक आठ दिवस त्यांच्याच पुढच्या खोलीत पडून असे, तेच पुस्तक काकू नवव्या दिवशी वाचनालयाच्या रांगेत उभ्या राहून घरी आणत. काकांना यात काहीही विचित्र वाटत नसे.

तर अशा घरात धुक्याच्या राज्याचा सातवा भाग येऊन पडला.

ही मालिका काय होती ते थोडक्यात सांगतो, कारण काकांना ते सांगायची सोय नव्हती. एका नावाड्याची मुलगी असते, तिला धुकं वश असतं. तिच्यासोबत एका कानाचा लांडगा. काचेच्या राजाशी त्यांचं वैर. सहा भागांत हे दोघं इतक्या वेळा मरता मरता वाचले होते की वाचकांच्या पोटातला गोळा कायमचाच झाला होता. दोन वर्षं वाट बघायला लावून आता सातवा आणि शेवटचा भाग निघाला. वाचनालयात दोन प्रती आल्या आणि वाट बघणाऱ्यांची यादी शेहेचाळीस जणांची झाली. काकू त्यात एकेचाळिसाव्या, कारण ज्या दिवशी यादी लागली त्या दिवशी त्या काकांच्या दोऱ्यासाठी मेण आणायला गेल्या होत्या.

ग्रंथपाल बाईंचे दोन नियम होते. पहिला असा की पाचशे पानांच्या वरचं पुस्तक आधी टाकेकाकांकडे जाणार, मगच वाचकाला मिळणार. प्रकाशक हल्ली फर्म्यांच्या पाठीला नुसता गोंद फासून मोकळे होतात. शिवण नसली तर दहाव्या वाचकापाशी पुस्तकाचा पाचोळा होतो. दुसरा नियम त्यांनी खास या भागासाठी केला आणि दारावर लावला: "शेवट फोडणाऱ्याचं कार्ड महिनाभर जप्त." यादीतल्या शेवटच्या माणसाचं वाचून होईपर्यंत शेवटाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मग एका रविवारी सकाळी सभा भरवू आणि काय ते मनमोकळं बोलू. बाईंचा आवाज बारीक होता, पण हातात लाकडी पट्टी असे.

काकांनी दोन्ही प्रतींचा गोंद वाफेवर सोडवला, फर्मे वेगळे केले आणि टेबलावर दोन गठ्ठे पालथे ठेवले. पालथे, म्हणजे शेवटचा फर्मा सगळ्यात वर. आठशे शहाण्णव पानांवर गोष्ट एका ठिकाणी येऊन थांबत होती, आणि मग सोळा पानांचं एक शेवटचं प्रकरण होतं, ज्याला प्रकाशकानं काहीतरी वेगळं करायच्या हौसेनं पानांचे आकडेच घातले नव्हते. एका प्रतीचे फर्मे सत्तावन्न, दोन प्रतींचे मिळून एकशे चौदा. एवढं बघून काका कापड आणायला बाहेर गेले.

पुढच्या अर्ध्या तासात घरात काय झालं ते काकांना चार महिन्यांनी कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, उगाच जिवाला घोर नको. काकू केर काढायला पुढच्या खोलीत आल्या. टेबलावर सातवा भाग. सगळ्यात वर त्याचा शेवट. त्यांनी आधी मान वळवली. मग केरसुणी भिंतीला टेकवली. मग पहिल्या गठ्ठ्यावरचा फर्मा उचलला आणि उभ्या उभ्या वाचायला लागल्या. अकराव्या पानापर्यंत त्यांना आपण रडतोय हे कळलंच नव्हतं. सोळावं पान संपत होतं तेवढ्यात दारात काकांच्या चपलांचा आवाज आला.  त्यांनी फर्मा झटकन टेबलावर ठेवला, केरसुणी घेतली आणि स्वच्छ असलेला कोपरा पुन्हा झाडायला लागल्या. फर्मा त्यांनी ठेवला होता दुसऱ्या गठ्ठ्यावर.

काकांनी दोन्ही गठ्ठे आडवे-उभे एकमेकांवर ठेवले आणि नेहमीप्रमाणे अंगठा फिरवला. एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती असल्या की ते सगळे फर्मे एका दमात मोजत. मधे थांबलं की आकडा घसरतो, हे त्यांचं चाळीस वर्षांचं शास्त्र. एकशे चौदा. बरोब्बर. पहिल्या दिवशी एक प्रत शिवली, दुसऱ्या दिवशी दुसरी. शिवताना काकांना फक्त घडी, भोकं आणि दोरा दिसे. काकूंनी त्या दोन दिवसांत त्यांना न मागता चार-चार वेळा चहा दिला. काकांना वाटलं, आपल्या वयाची दया आली असेल.

पुस्तकं वाचनालयात गेली आणि गंमत सुरू झाली.

पहिल्या प्रतीत शेवटचं प्रकरण नव्हतंच. गोष्ट आठशे शहाण्णवाव्या पानावर संपत होती: काचेचा महाल कोसळलाय, नावाड्याची मुलगी एका बंद दारापाशी येते, दार ढकलते, आणि आत अंधारात कोणीतरी श्वास घेत असतं. बस्स. दुसऱ्या प्रतीत मात्र तेच शेवटचं प्रकरण लागोपाठ दोनदा होतं. आकडे नसल्यामुळे कोणाला शंका घ्यायलाही जागा नव्हती. आणि बोलायची बंदी, त्यामुळे प्रत्येक जण आपलाच शेवट सगळ्यांचा शेवट समजून चालला होता.

काका दर चार दिवसांनी दुरुस्तीची पुस्तकं घ्यायला वाचनालयात जात. तिथे कानावर पडे ते असं.

"काय शेवट केलाय हो!" बस कंडक्टर म्हणायचा. तो पहिल्या प्रतीवाला.

"नाही तर काय!" दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या. त्या दुसऱ्या प्रतीवाल्या. "मी तर पुस्तक मिटून नुसती बसून राहिले."

"मीसुद्धा! म्हटलं, आता पुढे एक शब्द नको."

"मला पण अगदी तेच वाटलं, आता पुढे नको. आणि बघते तर पुन्हा—"

खाट्! बाईंची पट्टी टेबलावर. दोघंही तोंडाला कुलूप लावून आपापल्या वाटेनं जायचे, एकमेकांचं किती पटतं या आनंदात.

बाहेरच्या जगात मात्र या शेवटावरून रणकंदन चाललं होतं. वर्तमानपत्रात रोज काहीतरी, पण शेवट न फोडता. कोणी प्रकाशकाला सातही भाग पार्सलानं परत पाठवले होते, कोणी सहावा भाग हाच शेवट मानायचा असा संघ काढला होता. कंडक्टरला हा राग कळेना. एवढा सुंदर शेवट, आणि लोक चिडतात कशाला? डॉक्टरीणबाईंना राग कळत होता, पण त्यांचं म्हणणं, लोकांनी उतावीळपणा केला, शेवट नीट पचवला नाही. सगळ्यात जोरात होते ते निवृत्त गुरुजी. तेही दुसऱ्या प्रतीवाले. त्यांनी शेवटावर एक निबंध लिहून सभेसाठी तयार ठेवला होता आणि तो खिशात घेऊन ते गावभर हिंडत होते. बंदीमुळे वाचता येत नव्हता, म्हणून ते अधूनमधून खिशावर हात ठेवत आणि गूढ हसत.

एकेचाळिसावा नंबर लागला आणि काकूंना पुस्तक मिळालं. पहिली प्रत. त्यांनी घरी येऊन सवयीनं आधी शेवटचं पान उघडलं. दार, अंधार, श्वास. त्यापुढे पुठ्ठा. काकूंनी तो पुठ्ठा दोनदा चाचपून पाहिला. मग त्यांना टेबल आठवलं, दोन गठ्ठे आठवले, आणि आपण फर्मा कुठे ठेवला तेही आठवलं. त्या रात्रीपासून त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं. काकांनी विचारलं, "पुस्तक चांगलं नाही का?" काकू म्हणाल्या, "फार चांगलं शिवलंय." काका समाधानानं झोपले.

रविवारी सकाळी वाचनालयाची मधली टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. काकांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, कारण शेहेचाळीस जणांच्या हातून जाऊनही दोन्ही प्रतींचा एक टाकाही ढिला झाला नव्हता आणि त्याबद्दल बाई त्यांना फुलांचा गुच्छ देणार होत्या. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. काकू मागच्या रांगेत, दाराजवळ.

बाईंनी बंदी उठवली. कंडक्टर उडी मारूनच उभा राहिला. "मी एवढंच म्हणतो, लेखकानं कमाल केली! आत कोण श्वास घेतंय ते सांगितलंच नाही! मी म्हणतो लांडगाच आहे. लांडगा जिवंत आहे!"

अर्ध्या सभेनं टाळ्या वाजवल्या. उरलेली अर्धी त्याच्याकडे बघतच राहिली.

"जिवंत?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अहो, लांडगा मरतो."

"कुठे मरतो?"

"तिच्या मांडीवर! आणि एकदा नाही, दोनदा!"

मग जो गोंधळ झाला तो सांगण्यात अर्थ नाही. लांडगा जिवंत आहे म्हणणारे खिडकीच्या बाजूला सरकले, दोनदा मेला म्हणणारे कपाटांच्या बाजूला. एक बाई रडायलाच लागल्या. तीन महिने त्या लांडगा जिवंत आहे म्हणून सुखात होत्या. अखेर गुरुजी उठले, खिशातला निबंध काढला आणि खाकरले. "शांत व्हा. लेखकानं मृत्यू दोनदा का लिहिला? तेच शब्द, तोच क्रम, मग पुन्हा का? कारण पहिला मृत्यू शरीराचा असतो. दुसरा असतो आठवणीचा. मी स्वतः पहिल्यांदा वाचताना रडलो नाही. दुसऱ्यांदा रडलो."

"मीपण दुसऱ्यांदाच!" कपाटांकडून चार-पाच आवाज आले.

"पण आमच्या पुस्तकात मेलाच नाही त्याचं काय?" खिडकीकडून.

गुरुजी अडणारे नव्हते. "याचा अर्थ उघड आहे. दोन शेवट छापलेत! वाचकाच्या हाती कुठला पडेल ते नशिबावर. साहित्यात असा प्रयोग आजवर कोणी केला नसेल!"

सभा थक्क झाली. मग दोन्ही बाजू एकदम खूश झाल्या. म्हणजे लांडगा जिवंतही आहे आणि दोनदा मेलाही आहे, कोणाचंच चुकलेलं नाही. प्रकाशकाला अभिनंदनाचं पत्र पाठवायचं ठरलं. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी दोन्ही प्रती उचलून काकांच्या हातात दिल्या. "आणि हे बघा आपले टाकेकाका! चाळीस वर्षांत यांच्या हातून एक पान गळालेलं नाही. काका, दोन शब्द बोला."

काका उभे राहिले. एका हातात पहिली प्रत, दुसऱ्या हातात दुसरी. सवयीनं उजवा अंगठा दुसऱ्या प्रतीच्या कडेवरून फिरला. मग पुस्तकं हातात बदलून पहिलीवरून. अंगठा थांबला. पुन्हा फिरला.  एकीत छप्पन्न. एकीत अठ्ठावन्न. बेरीज एकशे चौदा.

त्यांना सगळं एका क्षणात कळलं. हेही कळलं की सभेत हे फक्त आपल्यालाच कळलंय. गुरुजी खुशीत होते, कंडक्टर खुशीत होता, बाईंच्या हातात गुच्छ होता. नुसतं "आभारी आहे" म्हणून खाली बसलं असतं तर जगात कोणाचं काही बिघडलं नसतं.  चाळीस वर्षांचं नाव होतं. दुसरं काही त्यांनी कमावलं नव्हतं. त्या नावासाठी गप्प बसावंसं त्यांना फार वाटलं.

"दोन शेवट नाहीत," ते म्हणाले.  "फर्मा इकडचा तिकडे गेलाय. हिच्यात सोळा पानं कमी आहेत, आणि तीच सोळा पानं हिच्यात दोनदा आहेत. पुस्तक चुकीचं शिवलंय."

 मग गुरुजी समजुतीच्या सुरात म्हणाले, "काका, तुम्ही पुस्तक वाचलंय का?"

"नाही."

"मग कसं सांगता?"

"अंगठ्यानं."

सभा खो-खो हसली. काका हसले नाहीत. त्यांनी दुसरी प्रत टेबलावर उघडली, शिवणीकडे बोट दाखवलं, इथे एक फर्मा संपतो, इथे तोच पुन्हा सुरू होतो, आणि छपाईत उमटलेला शाईचा एक बारीक ठिपका दोन्ही ठिकाणी त्याच शब्दाशेजारी दाखवला. हसू विरत गेलं. गुरुजींनी ठिपका पाहिला, चष्मा काढून पाहिला, चष्मा घालून पाहिला. मग निबंधाची घडी घालून खिशात ठेवली आणि खुर्चीत बसले ते अगदी लहान दिसायला लागले.

"यांची चूक नाही!"

मागून आवाज आला. काकू उभ्या होत्या. पदर दोन्ही हातांत घट्ट पिळून धरलेला. "फर्मा मी उचलला होता. चोरून वाचायला. ठेवताना दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवला. यांच्या हातून पान गळालेलं नाही. माझ्या हातून गेलंय."

सगळ्या माना मागे वळल्या. काकांनीही बघितलं. एकतीस वर्षांत त्यांनी तिला दहा माणसांसमोर बोलताना ऐकलं नव्हतं. आणि समोर वाट मोकळी होती: नाव जसंच्या तसं राहत होतं. बायकोनं पानं हलवली, बाइंडर बिचारा काय करणार?

"तिनं हलवली असतील," काका म्हणाले. "मोजायची होती मी. दोन्ही प्रती एकत्र मोजल्या. वेगवेगळ्या मोजल्या असत्या तर तिथेच कळलं असतं. चाळीस वर्षं तसंच मोजतोय. म्हणजे चूक चाळीस वर्षांची आहे, सापडली आज. गुच्छ राहू द्या, बाई."

एवढं बोलून ते बसले. बाईंनी गुच्छ कुठे ठेवावा ते न सुचून टेबलाखाली ठेवला.

यानंतर सभा संपायला हवी होती. पण खिडकीकडच्या लोकांना आता कळलं होतं की आपल्याला न मिळालेली सोळा पानं त्या टेबलावर आहेत. कोणीही ऐकेना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिथेच उभं राहून ती मोठ्यानं वाचली. आत श्वास घेत होता तो लांडगाच होता. पण मग वीस वर्षं उलटतात. नावाड्याची मुलगी नदीच्या घाटावर जकात अधिकारी होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर शिक्के मारते. धुकं तिला आता वश नसतं. आणि म्हातारा लांडगा एका दुपारी तिच्या मांडीवर डोकं ठेवून मरतो.

वाचन थांबलं. कंडक्टर लाल झाला होता. "जकात? सात भाग धुक्यातून फिरवून शेवटी जकात?" बाहेरच्या जगाचा राग आता आत पोचला होता. पण प्रकाशक लांब होता, आणि काका पहिल्या रांगेत. "काका, तुम्ही गप्प का नाही बसलात हो?" रडणाऱ्या बाई म्हणाल्या. "आमचा लांडगा चांगला जिवंत होता. तुम्ही मारलात त्याला."

काकांनी दोन्ही प्रती बगलेत मारल्या आणि घरचा रस्ता धरला. काकू दोन पावलं मागे.  वळणावर काका थांबले.

"चोरून कशाला वाचायचं? मागायचं होतंस."

"मागितलं होतं," काकू म्हणाल्या. "लग्नाला महिना झाला होता. निळ्या कापडाचं पुस्तक होतं. तुम्ही हातातून काढून घेतलंत आणि म्हणालात, हे काम आहे, खेळणं नाही. मग परत नाही मागितलं."

काकांना ते पुस्तक आठवेना. निळं कापड त्यांनी हजारो वेळा लावलं होतं. आपण असं बोललो असू, हे मात्र त्यांना ताबडतोब पटलं, आणि त्याची लाज वाटली. घरापर्यंत ते तिच्या बरोबरीनं चालले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दोन्ही प्रतींचे टाके कापले. फर्मे मोकळे झाले. यावेळी त्यांनी एक-एक प्रत वेगळी मोजली. मग आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "अगं, ये जरा. इथे स्टुलावर बस. माझे हात गुंतलेत. तू मोठ्यानं वाच."

"काय वाचू?"

"हेच. कोणाला मारलं मी, ते तरी कळू दे."

काकूंनी आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, थट्टा तर नाही ना म्हणून. मग पहिला फर्मा हातात घेतला आणि वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला काकांनी विचारलं, "हा कोण?" पाचव्या ओळीला, "ती याच्यावर का चिडलीय?" पानभरात एवढे प्रश्न झाले की काकूंनी फर्मा खाली ठेवला. "असं जमायचं नाही. पहिल्या भागापासून घ्यावं लागेल." पहिले भाग फडताळात दुरुस्तीसाठी आलेलेच होते, पाठी निखळलेले. काकांनी ते स्वतः काढून दिले.

बाईंनी काम दोन दिवसांत मागितलं होतं. आठवड्यानं त्यांनी निरोप पाठवला. काकांनी कळवलं, काम चालू आहे. खोटंही नव्हतं ते. दुसरा भाग चालू होता. पंधरा दिवसांनी गुरुजी येऊन गेले. नवा निबंध लिहायचा होता, त्यासाठी एकदाच मरणारा लांडगा नीट तपासायला हवा होता. काकांनी त्यांना चहा दिला आणि हात हलवत परत पाठवलं. चाळीस वर्षांत कोणाचं काम एक दिवस लांबलं नव्हतं. तेही नाव आता गेलं. काकांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण काचेच्या राजानं पूल तोडला होता आणि लांडगा पलीकडे अडकला होता.

सहाव्या आठवड्यात बाई स्वतः पट्टी घेऊन दारात उभ्या राहिल्या. आतून काकूंचा आवाज येत होता, वाचून वाचून बसलेला. सातव्या भागाचं आकडे नसलेलं शेवटचं प्रकरण चालू होतं. टेबलावर दोन्ही प्रती शिवून तयार होत्या, एकेक फर्मा तेवढा बाकी. काकांच्या हातात सुई होती, दोरा ओवलेला होता, आणि गेला अर्धा तास त्यांनी एकही टाका घातला नव्हता. बाईंनी उंबऱ्यात पट्टी आपटायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

काकूंनी पान उलटता उलटता नवऱ्याकडे पाहिलं. काकांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचत नव्हतं.

"अहो, पुढचं ठाऊक आहे ना तुम्हाला? मरतो तो."

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "हळू वाच."